प्रदर्शनापूर्वीचे गाणे आणि गोपनीयतेचा करार

ध्वनिमुद्रण पूर्ण झालेले, पण अद्याप लोकांपुढे न आलेले गाणे ही संगीत निर्मात्याची सर्वांत मोलाची मालमत्ता असते, आणि तिला धोकाही सर्वाधिक असतो. मोलाची अशासाठी, की गाण्याचे बरेचसे बाजारमूल्य त्याच्या नवेपणात असते. धोका अशासाठी, की ते पूर्णत्वाला नेताना निर्मात्याला ते अनेकांच्या हाती द्यावेच लागते. बीड जिल्ह्यात ही गोष्ट अधिक तीव्रतेने जाणवते, कारण इथला गाण्यांचा धंदा सण, जयंत्या आणि लग्नसराईच्या कालगणनेवर चालतो. फेब्रुवारीतली शिवजयंती, परळीची महाशिवरात्र, १४ एप्रिलची भीमजयंती, पुढे गणपती आणि नवरात्र, मार्गशीर्षातला अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा उत्सव आणि अधूनमधून येणाऱ्या निवडणुका, अशा प्रत्येक निमित्ताने नवी गाणी तयार होतात आणि त्या त्या दिवसाच्या आगेमागेच त्यांची खरी मागणी असते. भीमजयंतीसाठी केलेले गाणे मार्चमध्येच फुटले आणि त्याची चाल दुसऱ्याच कोणाच्या आवाजात आधी बाजारात आली, तर मूळ निर्मात्याला न्याय मिळेपर्यंत जयंती होऊन गेलेली असते.

एखादे गाणे किती हातांतून जाते हे जवळून पाहिले म्हणजे धोक्याचा नेमका आकार कळतो. चाल सुचते तेव्हा ती बहुधा मोबाइलवर गुणगुणून ठेवलेली असते. मग दोन खोल्यांच्या एखाद्या स्टुडिओत संगणकावर ठेका बसवला जातो, त्यावर कच्च्या आवाजात, म्हणजे ‘डमी’त, मुखडा आणि एक कडवे गाऊन घेतले जाते आणि ते गायकाला पाठाला पाठवले जाते. हलगी, ढोलकी, संबळ, बासरी यांचे वादक वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापला भाग वाजवून जातात. कोरससाठी चार मुले-मुली येतात. प्रत्येक वाद्याची आणि आवाजाची स्वतंत्र फाइल, जिला या धंद्यात ‘स्टेम’ म्हणतात, तयार होते आणि अशा सर्व फाइली एकत्र करून मिक्सिंग-मास्टरिंगसाठी पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवल्या जातात. त्याच वेळी चित्रीकरण करणाऱ्याला आणि संकलकाला कच्चे मिक्स द्यावे लागते, आणि ‘बेस कसा वाजतो ते बघ’ म्हणून एखाद्या डीजेवाल्याच्या पेनड्राइव्हमध्येही ते जाते. प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत गाणे पंधरा-वीस जणांच्या मोबाइलात पोहोचलेले असते आणि यांतला जवळजवळ कोणीही चोर नसतो. ‘तू ऐक, पण कोणाला देऊ नको’ एवढ्या तोंडी विश्वासावर ही साखळी उभी असते, आणि तिच्यातली एक कडी निसटली की कोणत्या कडीपाशी निसटले हेही सांगता येत नाही.

गोपनीयता करार, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सर्रास ‘एनडीए’ म्हटले जाते, हा याच तोंडी विश्वासाला दिलेला लेखी आकार होय. एका पक्षाने दुसऱ्याला ठरावीक माहिती ठरावीक कामासाठी द्यायची, आणि दुसऱ्याने ती त्या कामापलीकडे वापरायची नाही व तिसऱ्याला द्यायची नाही, असे वचन म्हणजे हा करार. तो भारतीय करार कायदा, १८७२ या सर्वसाधारण कायद्याखालीच येतो. त्यासाठी वेगळा नमुना, वेगळे कार्यालय किंवा इंग्रजी भाषा लागत नाही. मराठीत, साध्या वाक्यांत लिहिलेला आणि दोघांनी समजून सही केलेला करार तितकाच वैध असतो, आणि जिल्हा व तालुका न्यायालयांतही तो सहज वाचला जातो.

अशा करारापूर्वी कायदा निर्मात्याला काय देतो हे पाहणे आवश्यक आहे, कारण कॉपीराइट, म्हणजे स्वामित्व हक्क, आणि गोपनीयता यांची गल्लत वारंवार होते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि कृती प्रसिद्ध झालेली असण्याचीही गरज नाही. अप्रकाशित चालीलाही संरक्षण आहे. १९९४ च्या दुरुस्तीपासून ‘सांगीतिक कृती’ला स्वरलेखनाची अट राहिलेली नाही, त्यामुळे मोबाइलवर गुणगुणलेली चालही कृती ठरते. चालीचा कर्ता संगीतकार, शब्दांचा कर्ता गीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता ‘निर्माता’, म्हणजे ज्याने ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली ती व्यक्ती, अशी तीन वेगळी खाती या कायद्यात आहेत. ध्वनिमुद्रणाच्या हक्काची साठ वर्षांची मुदत ते ज्या वर्षी प्रसिद्ध झाले त्याच्या पुढील वर्षारंभापासून मोजली जाते.

तरीही कॉपीराइटला मर्यादा आहेत. तो कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या प्रत्यक्ष अभिव्यक्तीला देतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ साली हे तत्त्व स्पष्ट केले. ‘यंदा ऊसतोड कामगारांच्या कोयत्यावर गाणे करायचे, ठेका हलगीचा आणि मधे संबळाचा तुकडा, पडद्यावर अमुक कलावंत, प्रदर्शन अमुक तारखेला’ ही सारी योजना निर्मात्याच्या दृष्टीने गाण्याइतकीच महत्त्वाची असते, पण तिच्यावर कॉपीराइट नसतो. शिवाय कॉपीराइटचा दावा नक्कल झाल्यावर उभा राहतो, तर प्रदर्शनापूर्वी गरज असते ती गाणे बाहेरच जाऊ नये याची. ही दोन्ही भगदाडे गोपनीयतेच्या बंधनाने बुजवता येतात.

या बंधनाचा इतिहास संगीताच्या नव्हे, पण कलेच्याच एका प्रकरणापासून सांगता येतो. राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी हौसेखातर धातूच्या पत्र्यांवर चित्रे कोरली होती आणि काही प्रती छापून घेण्यासाठी ते पत्रे विंडसर येथील एका मुद्रकाकडे दिले होते. मुद्रकाकडच्या कामगाराने गुपचूप जादा प्रती काढल्या, त्या हातोहात फिरल्या आणि अखेरीस स्ट्रेंज नावाच्या प्रकाशकाने त्यांचे प्रदर्शन भरवण्याची आणि वर्णनात्मक सूची छापण्याची तयारी केली. १८४९ मध्ये न्यायालयाने प्रदर्शन तर रोखलेच, पण चित्रांचे केवळ वर्णन करणारी सूचीही रोखली, कारण तिचा उगम विश्वासभंगात होता. मास्टरिंगसाठी दिलेल्या फाइलची एक जादा प्रत स्वतःकडे ठेवणाऱ्या तंत्रज्ञाचा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वीच न्यायालयापुढे येऊन गेला होता असे म्हणता येते. पुढे १९६८ मध्ये एका मोपेडच्या इंजिनावरून झालेल्या कोको विरुद्ध क्लार्क या इंग्लंडमधील खटल्यात तीन कसोट्या ठरल्या: माहिती खरोखर गोपनीय स्वरूपाची हवी, ती विश्वासाचे बंधन निर्माण होईल अशा परिस्थितीत दिलेली हवी, आणि तिचा परवानगीविना वापर झालेला हवा. भारतीय न्यायालये आजही याच कसोट्या लावतात, कारण व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा भारतात अजून झालेला नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात तसा कायदा करण्याची शिफारस मात्र केली आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने या तत्त्वांना मनोरंजनाच्या क्षेत्रात बळ दिले ते झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या २००३ च्या निकालाने. बालकृष्णाच्या कल्पनेवर बेतलेल्या मालिकेची संकल्पना एका छोट्या निर्मात्या संस्थेने वाहिनीपुढे मांडली होती, आणि नंतर तशाच संकल्पनेची मालिका वाहिनीकडून येऊ घातली होती. संकल्पना पुरेशी विकसित आणि ओळखता येण्याजोगी असेल, तर ती विश्वासाने सांगितल्यावर ऐकणाऱ्याला तिचा परस्पर वापर करता येत नाही, असे न्यायालयाने मानले आणि मनाई कायम केली. बीडच्या निर्मात्याला या निकालाचा उपयोग असा, की लेखी करार नसतानाही परिस्थितीवरून विश्वासाचे बंधन सिद्ध करता येते. मात्र ते सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर असते.

हे ओझे किती जड असते ते दुसऱ्या, मराठी चित्रपटाशी निगडित प्रकरणातून दिसते. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ हा सारेगामाच्या यूडली फिल्म्सचा मराठी चित्रपट प्रदर्शनाच्या वाटेवर असताना, आपण ‘हायला! झोंबी’ ही कथा विश्वासाने सारेगामाशी संबंधित व्यक्तीला दिली होती आणि तिचाच वापर झाला, असा दावा तरुण वाधवा यांनी मुंबई उच्च न्यायालयात केला. न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अंतरिम मनाई नाकारली आणि चित्रपट जानेवारी २०२२ मध्ये झळकला. निकालातला कळीचा भाग असा, की गोपनीयतेचा दावा करणाऱ्याने नेमकी कोणती माहिती गोपनीय होती, ती आपली कशी आणि ती आधीपासून सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींपेक्षा वेगळी कशी, हे काटेकोरपणे मांडले पाहिजे. झोंबींच्या कथा जगभर शेकड्यांनी असताना ‘माझी कथा घेतली’ एवढे मोघम म्हणणे पुरत नाही. संगीत निर्मात्यांनी हा निकाल अवश्य ध्यानात घ्यावा. कहरवा, हलगीचा कडकडाट, ‘जय भीम’चा कोरस किंवा ‘नाद’, ‘राडा’ यांसारखे शब्द असलेला मुखडा ही कोणा एकाची गुपिते असू शकत नाहीत. पण विशिष्ट सुरावट, विशिष्ट जोडकाम, विशिष्ट फाइल आणि विशिष्ट प्रदर्शनयोजना असू शकते.

म्हणून करारातील सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे गोपनीय माहितीची व्याख्या, आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या नमुन्यांत नेमके हेच कलम सर्वांत ढिसाळ असते. ‘सर्व प्रकारची तोंडी व लेखी माहिती’ असे लिहिल्याने काहीच बांधले जात नाही. त्याऐवजी कराराला एक पानभर परिशिष्ट जोडून त्यात गाण्याचे तात्पुरते नाव, फाइलींची नावे, प्रत्येकीची लांबी आणि दिनांक, सोबत शब्दांची प्रत आणि नियोजित प्रदर्शन-दिनांक लिहावा. कलमाची भाषा साधी ठेवता येते. उदाहरणार्थ: ‘परिशिष्टात नोंदवलेल्या फाइली व शब्द मला केवळ मिक्सिंगच्या कामासाठी मिळाले आहेत. गाणे निर्मात्याने स्वतः प्रसिद्ध करेपर्यंत मी ते, त्याचा कोणताही तुकडा किंवा त्याची चाल कोणालाही ऐकवणार, पाठवणार किंवा इतरत्र वापरणार नाही. माझ्या सहायकाने तसे केल्यास त्याची जबाबदारी माझी राहील. काम संपल्यावर सात दिवसांत सर्व प्रती पुसून तसे लेखी कळवीन.’ सहायकाचा उल्लेख वगळू नये, कारण स्टुडिओच्या मालकाने सही केली तरी रात्री संगणकावर बसणारा मुलगा दुसराच असतो, आणि विंडसरच्या प्रकरणातही प्रती काढल्या होत्या त्या मालकाने नव्हे.

‘कोणालाही’ या शब्दाला काही अपवाद द्यावे लागतात. जी माहिती आधीच जाहीर आहे, जी त्या व्यक्तीला दुसऱ्या वैध मार्गाने आधीच मिळालेली होती किंवा जी कायद्याने न्यायालयाला अथवा पोलिसांना द्यावी लागते, तिच्यावर बंधन चालत नाही. मुदतही नेमकी असावी. गाण्याच्या बाबतीत ती प्रदर्शनापर्यंत ठेवणे स्वाभाविक आहे, मात्र गाणे कधीच प्रदर्शित न झाल्यास किती वर्षे, हेही नोंदवावे. काही निर्माते उत्साहाच्या भरात ‘यापुढे दुसऱ्या कोणासाठी वाजवणार नाही’ असेही लिहून घेतात. करार कायद्याच्या कलम २७ नुसार व्यवसायाला अटकाव करणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य असतो. कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातील कर्मचारी निरंजन गोलीकरी यांच्या १९६७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सेवेच्या मुदतीपुरता प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याचा आणि गुपित न फोडण्याचा निर्बंध मान्य केला. पण करार संपल्यानंतरही चालणारे व्यवसायावरचे निर्बंध टिकत नाहीत हे तत्त्व, श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्याविरुद्धच्या २००६ च्या परसेप्ट डी’मार्क खटल्यात पुन्हा अधोरेखित झाले. ढोलकीवाल्याचे पोट त्याच्या हातांवर चालते. निर्मात्याला त्याच्याकडून गुपित राखण्याचे वचन घेता येते, त्याचे हात बांधून ठेवता येत नाहीत, आणि तसे करणे योग्यही नाही.

दंडाच्या रकमेबाबतही असाच गैरसमज आढळतो. ‘गाणे फोडल्यास पन्नास लाख’ असे ‘बाँड’वर लिहून घेतले की धाक बसतो असे मानले जाते. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात नमूद रक्कम ही कमाल मर्यादा ठरते आणि तिच्या आत जे वाजवी नुकसान न्यायालयाला दिसेल तेवढेच मिळते. त्यामुळे स्टुडिओचे भाडे, वादकांचे मानधन, चित्रीकरणाचा खर्च, झालेल्या किंवा रद्द झालेल्या सौद्याचा लेखी पुरावा या हिशेबावर बेतलेली रक्कम लिहिणे शहाणपणाचे असते, कारण तिचे समर्थन करता येते. खरा आधार मात्र पैशापेक्षा मनाई हुकुमाचा असतो. गाणे बाहेर पडण्याआधी किंवा पडता क्षणी ‘तूर्तातूर्त मनाई’ मिळवण्यासाठी लेखी करार आणि त्याचे नेमके परिशिष्ट यांपेक्षा उपयुक्त कागद दुसरा नाही.

सही कोणाची, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. स्पर्धांतून पुढे आलेले अनेक गायक अठरा वर्षांखालील असतात, आणि अज्ञानाशी, म्हणजे अल्पवयीन व्यक्तीशी, केलेला करार मुळातच शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या १९०३ च्या खटल्यात ठरवून टाकले आहे. अशा वेळी पालकाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीचे वचन द्यावे, आणि प्रत्यक्षात मुलाच्या मोबाइलवर पूर्ण फाइल न देता त्याला स्टुडिओतच पाठ करून घ्यावे, हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. निरक्षर किंवा कमी शिकलेल्या लोककलावंताकडून सही किंवा अंगठा घेताना करार त्याला वाचून दाखवला असल्याची नोंद आणि साक्षीदार आवश्यक ठरतात. इथेच एक गंभीर गैरप्रकारही नोंदवला पाहिजे: गोपनीयतेच्या नावाखाली मधल्याच एखाद्या ओळीत चालीचे किंवा आवाजाचे सर्व हक्क कायमचे लिहून घेतले जातात. गोपनीयता करार मालकी बदलत नाही आणि बदलूही नये. हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी, कृती, मोबदला, मुदत व प्रदेश सांगून करावे लागते; मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश न लिहिल्यास तो केवळ भारत, असे कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील समान वाटा कायद्यानेच राखून ठेवला आहे. ज्या करारात ‘गुप्तता’ हे शीर्षक आणि पोटात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असेल, त्यावर कलावंताने सही करू नये.

बंधन एकाच बाजूला असण्याची सवयही मोडायला हवी. निर्माता वादकाकडून सही घेतो, पण मोठ्या म्युझिक कंपनीकडे किंवा लाखो सदस्यांच्या यूट्यूब वाहिनीकडे गाणे पाठवताना स्वतः मात्र काहीही मागत नाही. मोठ्या कंपन्या अनाहूत आलेल्या गाण्यांसाठी गोपनीयता करारावर सही करायला बहुधा तयार नसतात, कारण त्यांच्याकडे रोज एकसारखी गाणी येत असतात आणि उद्या कोणीही दावा लावील अशी त्यांना भीती असते. ही अडचण खरी आहे, आणि बीडच्या निर्मात्याच्या हाती तिच्यावर तीन-चार साधे उपाय आहेत. पूर्ण गाण्याऐवजी मुखड्याचा मिनिटभराचा, कमी दर्जाचा आणि मधूनमधून निर्मात्याचे नाव उच्चारणारा तुकडा पाठवावा. डाउनलोड होणारी फाइल न देता फक्त ऐकता येणारा दुवा द्यावा. सोबतच्या ईमेलमध्ये ‘हे केवळ विचारार्थ, विश्वासाने पाठवत आहोत’ असे एक वाक्य लिहावे, जेणेकरून सनडायल प्रकरणातले विश्वासाचे बंधन निदान कागदावर दिसेल. आणि त्याआधी कॉपीराइट कार्यालयात सांगीतिक कृतीची ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाची २,००० रुपये शुल्काने नोंदणी करून ठेवावी.

गुपिताच्या हक्काची एक सीमा बीडच्या मातीतच ठळक दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रचंड संग्रहात माजलगावच्या भीमनगरमधील स्त्रियांनी १९९६ मध्ये गायिलेल्या, बाबासाहेबांवरील ओव्या आहेत, आणि आज त्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात कोणालाही ऐकता येतात. अशी ओवी, तिची परंपरागत चाल किंवा ऊसतोडीच्या अड्ड्यावरची गाणी एखाद्या निर्मात्याने नव्या ठेक्यावर बसवली, तर त्याचे नवे संयोजन त्याचे असते आणि ते प्रदर्शनापर्यंत गुप्त ठेवण्याचा त्याला अधिकार असतो; मूळ ओवी मात्र त्याची होत नाही. ज्या बाईकडून ती ऐकली तिलाच ‘आता ही कुठे म्हणू नकोस’ असे सांगणारा करार कायद्यात टिकणार नाही आणि नीतीने तर तो निखालस अन्याय ठरेल. उलट अशा गायिकेचे नाव, मानधन आणि कलावंत म्हणून तिचे हक्क त्याच कागदावर लिहून देणे हे निर्मात्याचे कर्तव्य आहे.

करार कितीही चांगला असला तरी कोणाकडून गाणे फुटले हे दाखवता आले नाही तर तो निरुपयोगी ठरतो. जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर आला, तेव्हा त्या प्रतीवर सेन्सॉरसाठी दिल्याची खूण होती, आणि त्या खुणेमुळेच तपासाला दिशा मिळाली. त्याच वर्षी नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चीही प्रत प्रदर्शनानंतर लगोलग फुटली होती. गाण्यालाही अशी खूण देता येते. गायकाला पाठवलेल्या प्रतीत सुरुवातीची शांतता अर्ध्या सेकंदाने लांब, संकलकाच्या प्रतीत एका ठिकाणी टाळीचा एक ठोका कमी, डीजेवाल्याच्या प्रतीत शेवट वेगळा, असे बारीक फरक करून त्यांची वही ठेवली, की फुटलेली प्रत कोणाची ते ओळखता येते. जोडीला प्रत्येक फाइलचा ‘हॅश’ काढून परिशिष्टात लिहावा. हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिती पद्धतीने निघणारी अक्षरांची ओळ. ‘शा-२५६’ या प्रचलित पद्धतीत ती ६४ अक्षरी असते, आणि फाइलमध्ये तीळभर बदल झाला तरी ती पूर्ण बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅशची नोंद अपेक्षितच आहे, त्यामुळे ही सवय पुढे थेट न्यायालयात कामी येते.

गाणे फुटलेच, तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात. कॉपीराइट नियम, २०१३ मधील नियम ७५ नुसार लेखी तक्रार मिळाल्यावर संकेतस्थळाने ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो आणि २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. म्हणजे तक्रार करून स्वस्थ बसून चालत नाही. कॉपीराइट भंग हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैदेचा गुन्हा आहे आणि तो दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असे उत्तर मिळाल्यास त्या निर्णयाचा दाखला देता येतो. केवळ करारभंग मात्र गुन्हा नाही. कधी कधी निर्माता स्वतःच पुढाकार घेऊन फोडणाऱ्याचा फायदा संपवू शकतो: डिसेंबर २०१४ मध्ये मॅडोनाची गाणी फुटली तेव्हा तिने सहा गाणी तत्काळ अधिकृतपणे प्रसिद्ध केली, आणि २०१९ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश वाद्यवृंदाने फुटलेले अठरा तासांचे जुने ध्वनिमुद्रण खंडणी देण्याऐवजी स्वतःच विक्रीला ठेवले. जयंतीचे गाणे आठवडाभर आधी फुटले, तर त्याच रात्री ते आपल्या वाहिनीवर आपल्या नावाने टाकणे हा बीडमध्येही पुष्कळदा सर्वांत व्यवहार्य उपाय ठरेल.

न्यायालय कोणते, या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्यातल्या निर्मात्याला दिलासा देणारे आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे हक्कधारक जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. मुंबईच्या कंपनीविरुद्ध दाद मागायला अंधेरीला जावे लागत नाही. करारभंगाच्या दाव्याला ही सवलत नाही. तो प्रतिवादीच्या ठिकाणी किंवा दाव्याचे कारण जिथे घडले तिथे चालतो. म्हणून करार कुठे झाला आणि वाद कोणत्या न्यायालयात चालेल हे ओळीने लिहावे, आणि सही प्रत्यक्ष बीडमध्ये झाली असेल तर ते स्थळ नोंदवावे. मुद्रांक चुकवू नये. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा करारांसाठी शंभराऐवजी पाचशेचा मुद्रांक लागतो. मुद्रांक नसलेला करार रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही. दर गाण्यामागे वीस जणांशी वीस मुद्रांक परवडणार नाहीत हे उघड आहे. त्यामुळे नेहमीच्या स्टुडिओशी, संकलकाशी आणि वादकांशी वर्षातून एकदा मूळ करार करून, प्रत्येक नव्या गाण्याला फक्त सहीचे परिशिष्ट जोडत जाणे सोयीचे आणि स्वस्त पडते.

या साऱ्याला वकिलाची फी आड येते असे अनेक कलावंतांना वाटते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि जिल्ह्यातल्या गायक-वादकांपैकी मोठा वर्ग यात मोडतो. बीड, अंबाजोगाई, परळी आणि माजलगावच्या निर्मात्यांनी एकत्र येऊन बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून एक पानी मराठी नमुना तपासून घ्यावा, आणि येत्या हंगामाची पहिली डमी पाठवण्यापूर्वी तो वापरायला सुरुवात करावी.